अकरावी मागणी: बर्फावरची हॉकी

आमच्या कारखान्यातल्या कामगारांनी एका वर्षी व्यवस्थापनाला जे मागणीपत्र दिलं, त्यात दहावी मागणी कँटीनमधल्या पंख्यांची होती आणि बारावी पावसाळी बुटांची. या दोन्हींच्या मधे अकरावी मागणी अशी होती: 'जपानमधील मूळ कंपनीची बर्फावरील हॉकीची टीम बंद करण्याचा निर्णय त्वरित मागे घ्यावा.' हे वाक्य मी स्वतः टाइप केलं, कार्बन घालून पाच प्रतींत, आणि टाइप करताना मला अजिबात हसू आलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्यांना ज्यांना ही हकिगत सांगितली ते सगळे बरोबर याच जागी हसले आणि मला त्यांचा राग आला.

मला राग तसा लवकर येतो. तेव्हा तर फारच लवकर यायचा. बावीस वर्षांची होते, घाटकोपरहून नाहूरला कामाला यायची आणि कारखान्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग येणारी मी एकटीच होते. त्यामुळे ज्या कागदाचं काय करायचं ते कोणालाच कळत नसे, तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येऊन पडायचा. गेल्या आठवड्याचा कँटीनचा मेनू, जपानहून आलेला टेलेक्स, वॉचमनच्या मेव्हण्याचा रेशनकार्डाचा अर्ज, सगळं माझ्याकडे.

कारखाना पाण्याचे पंप बनवायचा. तंत्र जपानी कंपनीचं, मालक मुंबईतले, माणसं आमची. माणसं म्हणजे बहुतेक कोकणातली, आणि त्यातली निम्मी गिरण्यांच्या संपानंतर इकडे आलेली. पंप तपासायच्या खात्यात काहीतरी सतत बिघडायचं, म्हणून मूळ कंपनीनं दोन वर्षांसाठी एक जपानी इंजिनिअर पाठवला. पन्नाशीचा, बुटका आणि रुंद. नाक कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं. खुर्चीत बसायचे तेही गुडघे फाकवून, दोन्ही हात पुढे ठेवून, कोणीतरी आपल्याला काहीतरी फेकून मारणार आहे अशा बेतानं. कामगार त्यांना 'जपानी साहेब' म्हणत आणि ते कुस्तीगीर असावेत असा सगळ्यांचा समज होता.

आमचे मॅनेजर पुण्याचे. शिपायालाही 'अहो' म्हणायचे, आणि शिपायाला ती आपली थट्टा वाटायची. मॅनेजरसाहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि तिथून एक कल्पना घेऊन आले. कामगारांना मूळ कंपनीबद्दल आपलेपणा वाटला की गैरहजेरी कमी होते म्हणे. म्हणून दर सोमवारी सूचना फलकावर मूळ कंपनीचा परिचय मराठीत लावायचा. माहिती जपानी साहेबांनी द्यायची, मराठी मी करायचं.

पहिल्या दिवशी जपानी साहेब एक आकृती काढलेला कागद घेऊन माझ्यासमोर बसले. मला वाटलं पंपाचा आडवा छेद असेल. कडेनं गोल केलेला एक लांबट चौकोन, मधे रेघ, दोन्ही टोकांना छोटी अर्धवर्तुळं. मी विचारलं, पाणी कुठून आत जातं? ते म्हणाले, पाणी जात नाही, पाणी गोठतं.

त्यांचं इंग्रजी मोजून शंभर शब्दांचं होतं, पण त्यात त्यांनी सांगितलं ते असं. कंपनीत ते अठ्ठावीस वर्षं होते. त्यातली पहिली दहा वर्षं कागदोपत्री ते परचेस खात्यात कारकून होते आणि प्रत्यक्षात कंपनीच्या बर्फावरच्या हॉकीच्या टीमचे गोलकीपर. सकाळी हजेरी लावायची, दोन तास ऑफिसात बसायचं, मग दिवसभर बर्फावर. खेळणं थांबल्यावर कंपनीनंच त्यांना पंपांचं काम शिकवलं. तिकडे अशा कंपन्यांच्याच टीमा असतात, त्यांचीच आपापसात मोठी स्पर्धा चालते, हजारो लोक तिकीट काढून बघतात. मी म्हटलं, पण मॅनेजरसाहेबांना कंपनीची माहिती हवी आहे. उत्पादन, शाखा, वगैरे. त्यांनी बराच विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "कंपनीबद्दल मला एवढंच माहीत आहे."

अशा रीतीनं नाहूरच्या एका पंपाच्या कारखान्याच्या फलकावर, उकाड्यात, बर्फावरच्या हॉकीच्या एका टीमचा इतिहास क्रमशः सुरू झाला. मॅनेजरसाहेब न वाचता सही करायचे. आपलेपणाची जबाबदारी त्यांनी आमच्यावर टाकली होती.

पहिला भाग सगळ्यांना आवडला. टीम निघाली ती पंपांमुळेच. उत्तर जपानातल्या त्या कारखान्यात तपासणीचं पाणी मागच्या अंगणात सोडून देत आणि थंडीत ते गोठून जाई. लढाईनंतरचे हलाखीचे दिवस. कामगारांनी जुन्या करवतीची पाती घासून बुटांखाली ठोकली आणि जेवणाच्या सुट्टीत त्या गोठलेल्या पाण्यावर खेळायला सुरुवात केली. आमच्याकडेही तपासणीचं पाणी मागच्या बाजूलाच सोडत, फक्त त्यात शेजारच्या तबेल्यातल्या म्हशी येऊन बसायच्या. फलकासमोर उभं राहून एक फिटर खूप वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "च्यायला, आपल्याकडं थंडी असती तर म्हशी कुठं बसल्या असत्या?"

दुसऱ्या भागापासून माझे हाल सुरू झाले. बर्फावरची हॉकी मी कधी पाहिली नव्हती. बर्फ मला माहीत होता तो मासळी बाजारातला, भुसा लावलेल्या लादीचा. खेळाचे शब्द मराठीत आणायचे कुठून? मग मी कारखान्यातलेच शब्द वापरले. या खेळात माणूस जेमतेम मिनिटभर धावतो, दमतो आणि बाहेर येतो, त्याच्या जागी दुसरा जातो. मी लिहिलं, 'दर मिनिटाला बदली कामगार आत घेतात.' दांडगाई केली तर खेळाडूला दोन मिनिटं एका खोक्यात बसवून ठेवतात. मी लिहिलं, 'तत्काळ सस्पेंड करतात.' टीमला शिकवणारा माणूस होता त्याला मी सुपरवायझर केला.

झालं. फलकासमोर गर्दी उसळली. गिरणीतून आलेली माणसं बदलीच्या वाक्यावरून भलतीच खवळली. यातल्या कित्येकांनी बदली कामगार म्हणून वर्षानुवर्षं गिरणीच्या दारात उभं राहून काढली होती. मिनिटाला बदली म्हणजे शोषणाची हद्द झाली. आणि सस्पेन्शन? चौकशी न करता? दोन मिनिटांचं असलं म्हणून काय झालं, आरोपपत्र नको द्यायला? दुपारी युनियनचे सेक्रेटरी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

सेक्रेटरी म्हणजे लेथवर काम करणारे टर्नर. मालवणकडचे, पंचेचाळिशीचे, खांदे पुढे झुकलेले, आवाज घोगरा. मला ते 'चेडवा', म्हणजे पोरी, म्हणत. माझ्या वडिलांशी मी भांडायची, पण यांच्याशी कधी भांडता आलं नाही, कारण ते ऐकून घ्यायचे.

"काय गो चेडवा, ह्या खोक्यात बसवतत तेचो पगार कापतत?"

मी जपानी साहेबांना विचारून आले. पगार कापत नाहीत. सेक्रेटरींनी मान हलवली आणि मग ज्या गोष्टीसाठी ते खरे आले होते ती विचारली. हे खेळणारे लोक कंपनीच्या मस्टरवर आहेत काय? मी म्हटलं, हो, कोणी परचेसला, कोणी स्टोअरला, साहेब स्वतः परचेसला होते.

सेक्रेटरींचा चेहरा एकदम वेगळाच झाला. "माका ठावक आसा ह्या," ते म्हणाले. "मी गिरणीत तसोच लागलंय."

त्या काळी गिरण्यांच्या कबड्डीच्या टीमा असत, हे मला ऐकून माहीत होतं. चांगला खेळणारा गावाकडचा मुलगा दिसला की गिरणी त्याला चिकटवून घ्यायची. सेक्रेटरी डाव्या कोपऱ्यात खेळायचे, पाय धरला की सुटायचा नाही अशी ख्याती. चौदा वर्षं मस्टरवर ते साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, होते आणि संध्याकाळी मैदानात. मग संप झाला, गिरणी कायमची बंद झाली, आणि ते इथे लेथवर आले. एवढं त्यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं आणि निघून गेले. पण त्या दिवसापासून दर सोमवारी फलकासमोर सगळ्यांत आधी ते उभे असायचे.

मधल्या एका सोमवारचं प्रकरण सांगायलाच हवं. जपानी साहेबांच्या टेबलावर एक काळी रबराची चकती असायची, तळहाताएवढी, जाडजूड. या खेळात चेंडू नसतो, ही चकतीच असते. त्यांच्या शेवटच्या सामन्यातली आठवण म्हणून ते ती कागदांवर ठेवायचे. एके दिवशी ती गायब झाली. साहेबांनी दोन दिवस डबा खाल्ला नाही. मी चिडून सगळा कारखाना पालथा घातला. चकती सापडली ग्राइंडिंग मशीनच्या एका पायाखाली. मशीन फार थरथरायचं, मेन्टेनन्सवाल्या फिटरनं साहेबांच्या टेबलावर 'जपानी व्हायब्रेशन पॅड' पाहिला आणि नेऊन बसवला. स्टोअरनं त्याला पार्ट नंबरही दिला होता. फिटरला मी काय वाट्टेल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बघा ना तुम्ही. हलत नाय आता. झकास बसलंय."

मी जपानी साहेबांना तिथे घेऊन गेले. ते मशीनसमोर उकिडवे बसले, पायाला हात लावून पाहिला. मशीन खरंच हलत नव्हतं. "चांगला उपयोग आहे," म्हणाले. "माझ्याकडे ती नुसतीच बसून होती." मग मशीनला वाकून नमस्कार केला आणि डबा खायला गेले. पुढे खंडेनवमीला कामगारांनी मशीनची पूजा केली तेव्हा त्या चकतीलाही हळदकुंकू वाहिलं.

नवव्या की दहाव्या भागात अंतिम सामना आला. टीम एकदाच अंतिम सामन्यापर्यंत पोचली होती आणि तेव्हा गोलकीपर आमचे साहेब होते. बरोबरी चालली होती, थोडेच सेकंद उरले होते, आणि समोरच्या माणसानं पार मधल्या रेषेवरून सहज म्हणून चकती मारली. ती साहेबांच्या पायांमधून आत गेली. मी म्हटलं, हे कशाला लिहायचं? आपण नुसतं 'उपविजेते' लिहू. ते म्हणाले, नाही, लिही. मधली रेषा. पायांमधून. त्यांनी उठून पायांमधलं अंतर करून दाखवलं.

तो मजकूर लागला आणि आमचा कारखाना दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हता. बर्फ ओला असेल, म्हणून चकती घसरली, हे फाउंड्रीवाल्यांचं मत. दिवे डोळ्यांवर आले असतील, हे असेंब्लीचं. पेंट शॉपमधला एक जण म्हणाला की मुद्दाम सोडला असेल, तर त्याला कँटीनमध्ये कोणी शेजारी बसू देईना. लोक एकेकटे जपानी साहेबांकडे जायचे, काय बोलावं ते सुचायचं नाही, भाषाही नव्हती, मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून परत यायचे. कँटीनवाला त्यांना वेलची घातलेला स्पेशल चहा पाठवू लागला. मला ते सगळं बघून भरून यायचं. जे घरी आपल्या बायकोला ताप आलाय का विचारत नसतील, ते त्या गोलवरून हळहळत होते.

आणि मग टेलेक्स आला. मीच मशीनवरून फाडून घेतला. मूळ कंपनीनं खर्च कमी करण्यासाठी, चालू हंगाम संपताच, हॉकीची टीम बंद करायचं ठरवलं होतं. साहेबांना कळावं म्हणून एका जुन्या सहकाऱ्यानं पाठवलेला तीन ओळींचा मजकूर. साहेबांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि ठरल्या वेळी माझ्यासमोर येऊन बसले. "आज शेवटचा भाग," म्हणाले. एकच वाक्य सांगितलं: 'कंपनीने टीम बंद करण्याचे ठरवले आहे.' मी विचारलं, आणखी काही? ते म्हणाले, नाही, इतिहास संपला.

ते वाक्य फलकावर लागलं आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती तीस माणसं उभी राहिली. पुढे सेक्रेटरी. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. नोटीस दिली होती काय? टीममधल्या लोकांना खात्यांत सामावून घेणार काय? मी जपानी साहेबांना विचारून सांगितलं की जुने लोक ऑफिसात बसतील, पोरं मात्र घरी जातील. नोटीस नाही. सभागृहात बोलावून सांगितलं, एवढंच.

"म्हणजे टाळेबंदी," सेक्रेटरी म्हणाले. "मस्टरवरचे कामगार. आपल्याच कंपनीचे. आपण गप रवायचा?"

तीन वर्षांचा करार संपला होता, नवं मागणीपत्र तयार होत होतं. त्याच आठवड्याच्या सभेत सेक्रेटरींनी ही मागणी मांडली. काही जण हसले. सेक्रेटरी हसणाऱ्यांकडे बघत राहिले, आणि हसणं हळूहळू थांबलं. मग हात वर करायला सांगितलं तर सगळे हात वर. मला वाटतं काहींनी गंमत म्हणून केले, काहींनी त्या गोलसाठी. पण झाले खरे. दोनशे चाळीस सह्या पडल्या.

गेट मीटिंग झाली ती भर दुपारी, मे महिन्यात. डांबर बुटांना चिकटत होतं. दंडाला काळ्या फिती लावून, घामानं निथळत, दोनशे चाळीस माणसं ओरडत होती: "बर्फावरची हॉकी बंद करणाऱ्यांचा धिक्कार असो!" बंदोबस्ताला आलेला हवालदार मला एकटीला बाजूला बघून जवळ आला. "बाई, कुठला बर्फ?" मी म्हटलं, जपानचा. तो म्हणाला, "मग इथं कशाला?" मी त्याच्यावर भडकले. म्हटलं, जपानला गेट मीटिंग घ्यायला यांना कोण नेणार आहे, तुम्ही? त्यानं वहीत 'हॉकी' एवढाच शब्द लिहिला आणि सावलीत जाऊन उभा राहिला.

वाटाघाटी सुरू झाल्या. मागणीपत्रात दोन-चार मागण्या सोडून देण्यासाठीच घातलेल्या असतात, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. मॅनेजरसाहेबांनी अकरावी त्यातलीच समजली. चार बैठकांत बाकी सगळं जुळलं. पगारवाढ, पंखे, बूट, रजा. मग ते प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "आणि अकरावी आपण सोडताय, नाही का?"

सेक्रेटरी म्हणाले, "ती सोडूची नाय."

मॅनेजरसाहेबांना आधी वाटलं हा डावपेच आहे. त्यांनी आणखी एक सुट्टी देऊ केली. सेक्रेटरींनी सुट्टी नाकारली. युनियनच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणीतरी सुट्टी नाकारली असेल. मॅनेजरसाहेब हतबल होऊन म्हणाले, "अहो, पण मी बर्फ कुठून आणू?" ते मुंबईतल्या मालकांपुढे जाऊ शकत नव्हते, कारण मालकांना ही टीम असल्याचंच माहीत नव्हतं. आणि करार अडला. एका आठवड्याचे दोन झाले, दोनाचे चार. कामगार कुरकुरू लागले. गंमत म्हणून हात वर करणारे आता माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायचे, "मॅडम, तुम्ही समजवा ना त्यांना. वाट लागली आमची." पेंट शॉपवाला तर उघड म्हणाला की सेक्रेटरींचं डोकं फिरलंय. मलाही तसंच वाटू लागलं होतं. माणूस वेडा नव्हता, मग हे काय चाललं होतं ते मला कळेना, आणि कळत नाही म्हणून मी त्यांच्यावर चिडले. एकदा तोंडावर म्हटलं, तुम्हाला माहीत आहे ही मागणी मान्य होणार नाही. ते म्हणाले, "ठावक आसा." एवढंच.

शेवटी जपानी साहेबांच्या कानावर गेलं. तोपर्यंत त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की करार कशावरून अडला आहे. काळ्या फिती पंख्यांसाठी आहेत असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग उठले, कोट घातला, त्या उकाड्यात, बटणं लावली, आणि मला घेऊन थेट बैठकीच्या खोलीत आले.

मॅनेजरसाहेब, सेक्रेटरी आणि युनियनचे दोघे बसले होते. जपानी साहेब उभं राहूनच बोलले आणि मी मराठीत सांगत गेले. "कृपा करून थांबा. टीमचा शेवटचा सामना होऊन गेला. त्यानंतर टीम नाही. खेळ आहे, संपतो. माझ्यासाठी तुमचा पगार अडला याची मला फार लाज वाटते." आणि कमरेत वाकून तसेच राहिले.

सेक्रेटरींनी त्यांना उठायला सांगितलं नाही. ते माझ्याकडे वळले. "तेका इचार गो. टीम बंद केल्यांनी तेवा थयसर कोण बोल्लो? कोणी नको म्हटल्यान?"

मी विचारलं. जपानी साहेब सरळ उभे राहिले. म्हणाले, सहकाऱ्यानं नंतर पत्र लिहिलं आहे. सभागृहात जाहीर केलं, सगळे वाकले, मग खेळाडूंनी आपापली कपाटं रिकामी केली. नाही, कोणी काही बोललं नाही. आमच्यात बोलत नाहीत.

मी सांगितलं. मग सेक्रेटरी बोलले ते कोणाशी, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

"गिरणी बंद झाली तेवा सगळे गिरणीबद्दल बोल्ले. कबड्डीच्या टीमबद्दल एक माणूस बोलाक नाय. मी पण बोलाक नाय. लोकांच्या घरात चूल पेटणा नाय आणि मी कबड्डी खय काढू? माका लाज वाटली." त्यांनी नाक पुसलं. "आता ह्यांच्याबद्दल तरी बोलून झाला. दोनशे चाळीस माणसां बोल्ली. काट मार गो चेडवा अकरावीवर."

हे सगळं मला इंग्रजीत सांगता आलं नाही. मी जपानी साहेबांना एवढंच म्हटलं, "ते म्हणतात, आता दोनशे चाळीस माणसं बोलली आहेत. मागणी मागे घेतली." आणि प्रतीवर रेघ मारली. मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

जपानी साहेबांनी विचारलं, त्या सह्यांचा कागद त्यांना मिळेल का? खेळाडूंना पाठवायचा आहे. मॅनेजरसाहेब खरोखर वाईट वाटून म्हणाले, नाही हो, मूळ प्रत कराराच्या फायलीत जाते. आणि कार्बनच्या प्रतींवर सह्या नव्हत्या.

"मगे परत करूया," सेक्रेटरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी करार झाला, पेढे वाटले, आणि दुपारी पाळी बदलताना माझ्या टेबलापासून थेट फाउंड्रीच्या दारापर्यंत रांग लागली. मागे घेतलेल्या मागणीवर सह्या करायला. मिळायचं काहीच नव्हतं, पगारवाढ खिशात होती. कुरकुरणारे होते, पेंट शॉपवाला होता, कँटीनवाला तर मस्टरवर नसतानाही रांगेत घुसला. मी वर मागणी टाइप करून खाली रकाने आखले होते: नाव, खातं, हुद्दा, सही. फिटर, मोल्डर, हेल्पर, पुन्हा फिटर. सेक्रेटरींनी सगळ्यांचं झाल्यावर शेवटी पेन घेतलं आणि लिहायला इतरांपेक्षा जास्त वेळ लावला.

जपानी साहेबांनी पानं हातात घेतली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती लांब होती. यांनी काय लिहिलं आहे? मी वाचलं. खात्याच्या रकान्यात बंद पडलेल्या गिरणीचं नाव होतं. हुद्द्याच्या रकान्यात 'टर्नर' नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'डावा कोपरारक्षक, कबड्डी.'

मी सांगितलं, हे पण खेळाडू होते. कंपनीच्या टीममध्ये.

"आता?"

"बंद केली."

साहेबांनी पानं टेबलावर ठेवली, कोटाच्या आतल्या खिशातून पेन काढलं, आणि मला विचारलं, "यांच्या टीमचा कागद कुठे आहे? मला सही करायची आहे."

असा कागद कोणी कधी काढलाच नव्हता. साहेबांचा प्रश्न मी मराठीत सांगितला तेव्हा रांगेतले जे थोडे लोक रेंगाळत होते ते टेबलाजवळ सरकले. मी मशीनला कोरा कागद लावला आणि सेक्रेटरींना विचारलं, काय लिहू? अख्खं मागणीपत्र न थांबता सांगणारा तो माणूस. खुर्चीची पाठ धरून उभा होता आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मीच टाइप केलं: 'टीम बंद करू नये.' आणि त्याखाली सहीसाठी रेघ आखली.